नानांच्या ऐनातले खिळे

कार्तिकातल्या एका सकाळी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी मी गुप्तेकाकांची वाट पाहत उभी होते. पिशवीत दशम्या होत्या, पाण्याची बाटली होती आणि नानांच्या हत्यारांच्या पेटीतली मोठी पक्कड होती.

नाना म्हणजे माझे वडील. ते श्रावणात गेले. दर हिवाळ्यात परवाना काढून ते गुप्तेकाकांबरोबर या रानात शिकारीला येत. मचाणावर चढायला सोपं जावं म्हणून त्यांनी एका ऐनाच्या बुंध्यात सहा लोखंडी खिळे ठोकले होते. गेल्या वर्षी रानातले ऐन वाळू लागले. झाडाला जखम असली की रोग आत शिरतो, असं नानांच्या कानावर आलं. अंथरुणावरून ते एवढंच म्हणत, "माझं झाड बघून ये गं. खिळे निघाले तर काढ." शाळेत शिकवण्यातून सवड मिळाली, तेव्हा उशीर झाला होता.

गुप्तेकाका खांद्याला बंदूक अडकवूनच आले. "जातोच आहोत, तर एखादं डुक्कर," ते म्हणाले.

चढ सुरू झाला. करवंदीच्या जाळ्या, पिवळं पडत चाललेलं गवत. मागे वळून पाहिलं की दूर विक्रोळीकडे कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या पलीकडे खाडीची पांढुरकी रेघ दिसे. मग वाळलेले ऐन लागले. बुंध्यांतून काळा चीक ओघळलेला, त्याला आंबलेल्या पेजेसारखा वास. काही तोडून जागीच जाळले होते. मी पिशवीतली पक्कड चाचपली.

ओढ्यापाशी बांबू आडवा बांधला होता. तिथे रखवालदार सावंत चुन्याच्या पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवून बसले होते. तीस वर्षं या रानात काढूनही त्यांची मालवणी सुटली नव्हती.

"चपला, बूट हय धुवा," घमेल्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "चिखलातसून रोग पसरता."

"परवाना मी काढायचा आणि पाय तुझ्या हुकमानं धुवायचे?" गुप्तेकाका म्हणाले.

"देवळात शिरताना धुतास मां? मग. नि बंदूक हय ठेवा. पलीकडे औंदा शिकार बंद आसा."

गुप्तेकाकांनी परवाना उलगडला, चष्मा लावून वाचला. शिकार फक्त ओढ्याच्या अलीकडे, एकाच वाटेने, मचाण काथ्याच्या दोरीने बांधायचं, खिळा मारायचा नाही.

"डुकरं पलीकडे आणि परवाना अलीकडचा. झकास."

"डुकरांका वाचूक येता," सावंत म्हणाले. गुप्तेकाका हसले, बंदूक रिकामी करून त्यांच्या हवाली केली आणि बूट घमेल्यात बुडवले.

ती आपल्या खांद्याला अडकवून सावंतही आमच्याबरोबर निघाले. पलीकडचं रान हिरवं होतं. नानांचा ऐन गुप्तेकाकांनी लांबूनच ओळखला. जवळ गेले आणि थबकले. बुंध्यावर एक काळपट ओघळ होता, थेट खिळ्यापासून निघालेला. सावंतांनी त्यावरून बोट फिरवलं, वास घेतला, मग बोट माझ्यापुढे धरलं. चिकाचा आंबूस वास नव्हता. जुन्या कुलपाला येतो तसा वास होता.

"गंज," ते म्हणाले. "पावसाचा पाणी नि गंज. वर बघ, पाना कशी दाट आसत. ह्यां झाड बरां आसा, बाय."

मी पक्कड बाहेर काढली. खिळ्यांची फक्त डोकी दिसत होती. भोवतीची साल फुगून त्यांच्यावर चढली होती.

"ती ठेव आत," सावंत म्हणाले. "खिळे आता झाडाचे झाले. उपटलास, तर नवो घाव होतलो."

"नाना काढायला सांगून गेलेत," मी म्हणाले.

"त्यांका काय म्हायत, झाडान खिळे गिळल्यानी ता?"

आम्ही त्या सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. एक सावंतांनाही दिली. गुप्तेकाका मधूनमधून वर पाहत होते.

उतरताना ओढ्यावर सावंतांनी बंदूक परत दिली; पुन्हा पाय धुतले. या खेपेला गुप्तेकाकांनी आधी माझ्यासाठी घमेलं पुढे सरकवलं. संध्याकाळी घाटकोपरला घरी पोहोचले. नानांची पेटी पुढे ओढली आणि पक्कड तिच्या खाचेत ठेवली. श्रावणापासून त्या पेटीचं झाकण मी उघडंच ठेवलं होतं, काम राहिलं आहे याची आठवण म्हणून. त्या संध्याकाळी ते लावलं.