चार पायांवरचं माप

माझे सासरे हरिबा. ढोकीच्या बाजूला आमची थोडी शेती, उसाची. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. शाळा दुसरीपर्यंतच, पण बैल सजवण्यात गावात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पोळ्याला लोक आपले बैल आमच्या दारात आणून उभे करायचे, "हरिबा, शिंगाला तेवढी बेगड लावून द्या" म्हणून. तीन वर्षांमागं ट्रॅक्टर आला, मामांच्या लाडक्या पाखऱ्यासकट बैल विकले, आणि झुली, गोंडे, घुंगरमाळा पेटीत गेल्या. त्या पेटीला मामांनी पुन्हा हात लावला नाही.

लावला तो समृद्धीमुळं.

समृद्धी माझी लेक, पहिलीत आहे. घरात तोंड बंद नसतं, पण चार माणसं जमली की वाचाच बसते. मागल्या वर्षी गॅदरिंगला तिला परी केली होती. "मी परी आहे" एवढंच म्हणायचं, तर माईक बघूनच रडत खाली पळाली. यंदा वेशभूषेची चिठ्ठी आली तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या येडाई देवीला म्हटलं, आई, लेकराला दोन शब्द बोलू दे. नंबर-बिंबर काही नको.

"काय व्हायचं गं तुला?" मामांनी तिला विचारलं.

"बैल."

"बैल? का बरं?"

"बैलाला बोलावं लागत न्हाय, आबा."

मामा इतके हसले की ठसका लागला. माझ्या सासूबाई सिताबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या आतून म्हणाल्या, "या घरचे बैल बोलत न्हाईत व्हय? मंग चाळीस वर्सं मी कुणाशी भांडतीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांनी पेटीला हात जोडले आणि झूल बाहेर काढली.

"बैल हायेस ना? मग बैलावाणी हो बघू."

ती हातापायांवर वाकली. मामांनी वितीनं पाठ मोजली, मान मोजली, खांदा मोजला. झूल कापताना मात्र कात्री क्षणभर थांबली. "पाखऱ्याची हाय," एवढंच म्हणाले, आणि कापली. शिवण मी मशीनवर मारली. वाळलेल्या वाकड्या दोडक्यांना बेगड चिकटवून शिंगं झाली, अंबाडीच्या वाखाची शेपूट झाली.

"मामा, एकदा घालून तर बघू."

"न्हाय. सणाआधी झूल चढवायची नसती."

हा त्यांचा जन्माचा नेम. तो मोडायची माझी काय टाप! उलट आदल्या संध्याकाळी त्यांनी तिची खांदेमळणीसुद्धा केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात, तसे तिचे चोळले. पोर गुदगुल्यांनी नुसती लोळत होती.

गॅदरिंगला पडद्यामागं झूल चढवली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. माप सगळं चार पायांवरचं! पोर उभी राहिली की झूल पायात आणि शिंगं पाठीमागं. तेवढ्यात नाव पुकारलं. मामा कासरा धरून तिच्यासोबत स्टेजवर गेले. दोन पावलांत झुलीत पाय अडकला आणि ती हातांवर पडली. समोर हशा उठला. मी डोळेच मिटले.

उघडले तर ती तशीच चार पायांवर. शिंगं बरोबर वर, झूल अंगावर चापून बसलेली. मामांना भानच राहिलं नाही. "होऽ पाखऱ्या, होऽ!" म्हणत त्यांनी कासरा ओढला.

"आबा, वडू नका! शिंगं निसटतील!"

बाईंनी नेमका तेव्हाच माईक तिच्या तोंडाशी धरला होता. सगळ्या मैदानात आवाज गेला. माणसं पोट धरून हसली. ती दचकली. मग मान वर करून लोकांकडं बघत स्वतःहून म्हणाली, "मी पाखऱ्या हाय. हे माझे मालक. लई वडत्यात."

टाळ्या थांबेनात. मामा कासरा सोडून उपरण्यानं डोळे पुसत होते.

नंबर काही आला नाही. घरी येऊन मी देवापुढं दिवा लावला. दोन शब्द मागितले होते, आईनं पदरात किती टाकले! आत्याबाईंनी सुपात पुरणपोळी आणली, पोळ्याला बैलापुढं धरतात तशी. समृद्धी चार पायांवरच जेवायला बसली. तोंडात घास, तरी बोलणं चालूच.

"गप जेव की गं," आत्याबाई म्हणाल्या. "बैल हायेस ना?"

"या घरचे बैल बोलत्यात, आजी."