अक्कांचा स्कॅनर

“बघूया की,” असं म्हणत अक्का निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि एक डोळा मिटायच्या. एखादं काम होणार नाही असं कुणी म्हटलं, की त्यांचं हे ठरलेलं उत्तर.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी बंगळूरला आले आणि राजाजीनगरात त्यांची भाडेकरू झाले. त्यांच्या यजमानांना फोटोंचा नाद. ते गेले, मागे डबाभर निगेटिव्ह राहिल्या. सगळ्यांत अक्का, मुलगी, पाहुणे. स्वतः ते कायम कॅमेऱ्यामागे. एकदाच, नंदीच्या डोंगरावर, अक्कांनी हट्टानं कॅमेरा हिसकावून त्यांचा फोटो काढला होता. तो कधी छापलाच नाही.

अक्कांनी निगेटिव्ह छापायला दिल्या, तर एका लॅबनं एक पट्टीच हरवली. दुसरीनं बुरशी पाहून डबा परत केला, “फेकून द्या, अम्मा.”

अक्का थेट स्कॅनर घेऊनच माझ्या दारात उभ्या राहिल्या. “कंप्युटर तुझा, स्कॅनर माझा. आता कुणाच्या हातात देणार नाही.”

“अक्का, हा कागदांचा आहे. निगेटिव्ह काळीच येणार.”

“मग उजेड वरून देऊया. सरी? ठीक ना?”

चिकपेटेच्या बाजारातून त्यांनी उजेड पसरवायला दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला, पट्टीवर ठेवला. वर ट्यूबलाइट धरली, तर पडद्यावर पट्टे आले. टेबललॅम्प धरला, तर मधोमध पांढरा डाग. अक्कांनी स्टीलचे डबे रचून लॅम्प उंच केला. रोज संध्याकाळी मी कामावरून आले, की त्या हजर. मी कंटाळायचे, त्या नाही.

शेवटी एका संध्याकाळी नंदीचा डोंगर उमटला. पुढे स्वेटर घातलेला माणूस, तोंड उघडं, हात वर केलेला. उजवा गाल मात्र बुरशीनं खाल्लेला.

“‘मागं सरक’ म्हणत होते मला,” अक्का हसल्या. “मला फोटो जमणार नाही, अशी खात्रीच होती त्यांना.” मग खुर्ची पुढे ओढून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मी म्हटलं, “हा गाल भरता येईल. दुसऱ्या एखाद्याच्या फोटोतला घेऊन चिकटवते.”

“नको गं. दुसऱ्या कुणाचा गाल लावू नको ह्यांना.”

पुढं गुडघ्यांनी जिने नाकारले, तेव्हा मुलगी त्यांना म्हैसूरला न्यायला आली. ट्रंका स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात मागे गेल्या. स्कॅनर मात्र अक्कांनी मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळून. रिक्षा खड्ड्यात आदळली, तसा आतून रिक्षावाल्याला उद्देशून त्यांचा आवाज आला, “अण्णा, स्वल्प निधान!”

रिक्षा हळू झाली, आणि तशीच हळूहळू कोपऱ्यावरून वळली.