अब्बांच्या फुफ्फुसातल्या पेशी

“हे मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतंय ना, तोच आजार,” औरंगाबादच्या डॉक्टरांनी अब्बांचा सीटी स्कॅन उजेडावर धरला. “लंग फायब्रोसिस. तुम्ही काम काय करता?”

“रुई पिंजतो, साहेब. गाद्या, रजया. तीस वर्सं झाली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दीड वर्षात हा प्रश्न अब्बांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

फायब्रोसिस म्हणजे वण धरणं. हाताला कापलं की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखम सांधतात आणि थांबतात. अब्बांच्या फुफ्फुसात त्या थांबल्याच नाहीत. मऊ फुफ्फुस चामड्यासारखं कडक होत गेलं. मूळ कारण ओल्या रुईतली बुरशी. बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली त्या सालांत आमच्या संग्रामपूरकडं लोकांच्या हाती पैसा नव्हता, नवी गादी कुणी भरून घेईना. लोक ओल धरलेल्या जुन्या रजया आणायचे. अब्बा त्याच पिंजायचे, तीच धूळ छातीत घ्यायचे.

आमच्याकडच्या डॉक्टरनं कोरडा खोकला ऐकला, “बिडी सोडा” म्हणाला आणि थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. अब्बांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. गोळ्यांचा कोर्स संपला, दम वाढला, त्यानं पुन्हा त्याच दिल्या. अब्बा पिंजत राहिले.

मी तेव्हा पीएच.डी.ला नुकतीच लागले होते, विषय ठरायचा होता. तो त्या दिवशी ठरला.

मग बायोप्सी झाली, म्हणजे फुफ्फुसाचा लहानसा तुकडा काढून तपासला. उरलेला भाग संशोधनाला देता येतो, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवता येतात. समितीची परवानगी मिळाल्यावर संमतीपत्र घेऊन मी अब्बांच्या खाटेशी बसले.

“काऊन वं पोरी, त्या मले मारून राह्यल्या अन् तू त्यायले पोसणार?”

“पोसून मारणार, अब्बा.”

ते हसले, खोकले, सही केली.

घरी आल्यावर मी रिपोर्ट घेऊन त्या टीबीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. भरल्या बाकांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला.

“आमच्याकडं कुठंय सीटीची मशीन?” तो म्हणाला.

“काम काय करता, हे विचाराले कोणती मशीन लागते?”

एक बाई उठली, टेबलावरचा आपला कागद उचलून निघून गेली. मला फार बरं वाटलं.

अब्बांना नाही वाटलं. “लोकाइसमोर इज्जत काढली त्याची. असं नसतं करत बेटा.”

मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही.

पुढची वर्षं लॅबमध्ये गेली. टीजीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन या पेशींना ‘वण घाला, आणखी घाला’ असा निरोप देत राहतं. तो निरोप मध्येच तोडायचा, हे माझं काम. अब्बांच्या पेशी वाढवायच्या बाटलीत, म्हणजे फ्लास्कमध्ये, तो तुटला. अब्बांच्या छातीत नाही. फ्लास्कमधून औषधाच्या गोळीपर्यंतचा रस्ता फार लांबचा. एका दुपारी, ऑक्सिजन चालू असताना, अम्मीचा हात धरून अब्बा गेले.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. कोरडा खोकला हटत नसेल, चार पावलांत दम लागत असेल, तर विचारायची वाट पाहू नका. कशाच्या धुळीत काम करता ते आपणहून सांगा. उत्तर ऐकून पेन खाली ठेवणारा डॉक्टर भेटला, तर त्याचे उपकार विसरू नका. मी विसरलेले नाही.

प्रबंध जमा झाल्यावर त्या पेशींचा शेवटचा फ्लास्क नियमानं नष्ट करायचा होता. ते काम मी मागून घेतलं. मायक्रोस्कोपखाली त्या लांबट, निमुळत्या, अजून जिवंत होत्या. अब्बांच्या अंगातलं एवढंच आता जगात जिवंत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ब्लीच ओतलं आणि शेवटची पेशी विरघळेपर्यंत नजर काढली नाही.

रडू आलं ते नंतर, बेसिनवर हात धुताना.