सरांचा क्वेसार

रेडिओ वेधशाळेतल्या ताईंना कोणी कामाबद्दल विचारलं, की त्या हसून म्हणायच्या, "आकाशात खुंट्या ठोकते." आणि ते खरंच होतं. तारे स्वतःच सरकत असतात. त्यांच्यावरून जागा मोजायला गेलं तर मोजमापाचा बोजवारा उडतो. म्हणून खुणेला रेडिओ लहरींत चमकणारे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, धरायचे. इतके लांबचे, की जागचे हललेले दिसतच नाहीत. दूरदूरच्या अँटेना एकाच वेळी त्यांच्याकडे वळवायच्या, लहर कुठे आधी पोचली, कुठे नंतर, यावरून जागा ठरवायची. अवकाशयानांची दिशा, पृथ्वीच्या डुलण्याचा हिशेब, सगळं त्यावरच उभं.

त्यातला एक क्वेसार सरकू लागला. आणि नेमका सरांनी निवडलेला. सर म्हणजे ताईंचे निवृत्त प्रमुख. बोट धरून हे काम त्यांनीच शिकवलेलं.

"घड्याळाचा घोळ असेल," सहकारी म्हणाले. ताईंनी घड्याळं तपासली, हवेतल्या बाष्पाचा परिणाम वजा केला, एकेक अँटेना वगळून गणित पुन्हा मांडलं. उत्तर तेच. क्वेसारमधून एक तेजस्वी झोत बाहेर पडत होता, त्यामुळे उजेडाचा मध्यच ढळला होता.

"एवढ्याशा फरकाला कोण विचारतंय? सरांना उगाच वाईट वाटेल," एकजण म्हणाला.

कुठले क्वेसार यादीत ठेवायचे, हे ठरवायच्या बैठकीआधी ताई सरांच्या घरी गेल्या. सर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते.  ताईंनी सरळ आलेखच पुढे केला. सरांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"अगं, मग काढ ना! माझा म्हणून लाडानं ठेवणार होतीस की काय?"

"जिवावर आलं, सर."

"येणारच. त्याच्या जागी कोण?"

"एक आहे, मंद. वेध घेताना नाकी नऊ येतात. पण तसूभर हलत नाही."

"मग अडलंय कुठे?"

बैठकीत खडाजंगी झाली, ताई मागे हटल्या नाहीत. बदल करून गणित नव्यानं केलं, तेव्हा बाकीच्या जागाही आणखी पक्क्या बसल्या. सरांचा क्वेसार मात्र ताईंनी वाऱ्यावर सोडला नाही. झोतांचा अभ्यास करणाऱ्यांना गळ घालून त्याचे वेध चालू ठेवले. काही वर्षांनी त्यांच्या चित्रांत तो झोत चक्क वळताना दिसला. ताई चित्रं घेऊन तडक सरांकडे गेल्या.

सरांचा चेहरा खुलला. त्यांनी आत सुनेला हाक मारली, "अगं, ये बाहेर! आमचा उनाड निघालेला पोरगा बघ, काय दिसतोय!"