काठावर घेतलेलं माप

हैबतीबद्दल चांगलं बोलायला मला सांगू नका. पोलादपुरात विचारा, महाडात विचारा, कुणीही सांगेल की घाटाच्या पायथ्याचा हैबती मिस्त्री म्हणजे देवमाणूस. मी मात्र त्याच्यावर अकरा वर्षं जळलो, हे आधीच सांगून टाकतो. महाडला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. आयटीआय पास, भिंतीवर सर्टिफिकेट, खिशात मिलिमीटरचाही अंश मोजणारा व्हर्नियर. आणि गिऱ्हाईक मात्र माझ्या दारावरून अठरा किलोमीटर पुढं जायचं, एका पत्र्याच्या शेडमध्ये, चौथी शिकलेल्या माणसाला ब्रेक दाखवायला! जळणार नाही तर काय आरती ओवाळणार?

हैबती पोलादपूरच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथला. सात-आठ घरं, म्हशी आणि थोडी नाचणी. विसाव्या वर्षापर्यंत त्यानं म्हशी राखल्या, मग गोव्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. दहा वर्षं घाट चढला, घाट उतरला. ब्याण्णव साली महाबळेश्वरकडं जाणारा आंबेनळी घाट जिथं सुरू होतो तिथं चार खांब ठोकून बसला. बायको बायजा शेजारी चुलीवर चहा करायची. दुकानाला नाव नाही, पाटी नाही, कुठलं माप तर नाहीच.

ब्रेक बघायची त्याची तऱ्हा ऐका. गाडीत बसायचा, चपला काढून बाहेर ठेवायचा आणि अनवाणी पायानं गाडी हाकायचा. शेजारी मालक. पहिल्या वळणापर्यंत वर, तिथून खाली, एक शब्द नाही. शेडपाशी आला की सांगायचा, "पॅड हा पावसाळा काढतील," नाहीतर, "डावी डिस्क गेली हाय." चाक काढून बघावं तर तेच! लोक तोंडात बोटं घालायचे. म्हणायचे, ह्याला पायानं कळतं. कुणी विचारलंच तर हा म्हणायचा, "म्हशीमागं डोंगर उतरताना पाय रोवायला शिकलो, आनि काय?" असं बोलला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा एकदा बूट काढून ब्रेकवर पाय ठेवून बघितला. गाडी एका मास्तरांची होती. मला रबराशिवाय काही लागलं नाही. मास्तर म्हणाले, "मोरू, पायांना चिखल्या झाल्यात का रे?" त्यानंतर मी तो नाद सोडला. घरी अमिताला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कुठून कळलं देव जाणे. जेवायला वाढताना म्हणाली, "जळून कोळसा व्हायच्या आधी दोन घास खाऊन घ्या."

दोन हजार तीन सालची दिवाळी झाली आणि दत्तोपंत वकील त्यांची पांढरी मारुती घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पूर्वी माझंच गिऱ्हाईक, मधली तीन वर्षं हैबतीकडं जात होते. मी आतून इतका फुललो की काय सांगू. पण तोंडावर दाखवलं नाही.

"मोरू, ब्रेक दाबला की पाय थरथरतो," ते म्हणाले. "हैबती म्हणतो दोन्ही डिस्क बदला, पॅडसकट. चांगल्या चकचकीत तर दिसताहेत! तू जरा मोजून सांग."

मी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. महाबळेश्वरहून उतरताना चाकांतून जळका वास आला. वाटेत डोंगराच्या झऱ्यापाशी ट्रकवाले थांबून तापलेल्या चाकांवर पाणी मारतात, आमच्याकडं ही रीतच आहे. वकीलसाहेबांनीही कॅन भरभरून पाणी मारलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली, ह्यांना वाटलं चाक निवलं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून आवळतात. ती तापून लाल झालेली असताना गार पाणी पडलं की पिळवटते, मग पाय थरथरणारच. पायथ्याशी हैबतीनं पहिला प्रश्न हाच विचारला होता, "सायेब, पानी कुठं मारलंत?"

आता आमच्या धंद्यात ह्याचा निवाडा साधा आहे. डिस्क वाकडी झाली पण जाडी शिल्लक असली, तर लेथवर घासून सरळ करता येते. घासण्याइतकी जाडी उरली नसेल तर बदलायची, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची, आणि पॅडही नवे. त्या गाडीच्या डिस्कला कमीत कमी आठ मिलिमीटर जाडी पाहिजे. मी चाक काढलं, व्हर्नियर लावला आणि आकडा वाचला. साडेनऊ!

माझा आनंद गगनात मावेना. हैबती तोंडावर पडला! अकरा वर्षांत पहिल्यांदा! मी व्हर्नियर वकीलसाहेबांच्या डोळ्यांसमोर धरला. "वाचा तुम्हीच. काडीची गरज नाही बदलायची. पायानं मोजणाऱ्यांचं हे असं असतं." दोन्ही डिस्क लेथवाल्याकडून हलक्या हातानं घासून आणल्या, पॅडवर पॉलिश पेपर फिरवला आणि बसवल्या. थरथर पुष्कळ कमी झाली. वकीलसाहेब खूश. "बरं झालं बाबा," म्हणाले, "पुढच्या रविवारी हिला आणि नातीला घेऊन पुन्हा महाबळेश्वरला निघालोय." ही म्हणजे विनोदिनीबाई, आणि नात श्रिया, आठ वर्षांची.

रविवारी सकाळी आठला गॅरेज उघडलं. काम काही नव्हतं म्हणून हत्यारं पुसायला बसलो. व्हर्नियर हातात घेतला, तर त्याच्या दोन्ही टोकांना तांबडी भुकटी चिकटलेली. गंज.

पॅड घासतो ती डिस्कची जागा आरशासारखी लखलखीत असते, तिथं गंज धरायला वावच नसतो. गंज असतो तो बाहेरच्या काठावर, जिथं पॅड पोचत नाही. तो काठ झिजत नाही, नव्यासारखा जाड राहतो. म्हणजे मी माप घेतलं होतं काठावर. आत डिस्क किती उरली होती, मला ठाऊकच नव्हतं. वर आणखी घासून आणली होती मी! माप आत सरकवून घ्यायचं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मुद्दाम केलं का? नाही. पण साडेनऊ दिसल्यावर दुसऱ्यांदा मोजायचं मनात आलं नाही, कारण मला साडेनऊच बघायचं होतं.

वकीलसाहेबांच्या घरी फोन लावला, वाजत राहिला. ते निघाले होते. महाबळेश्वरला कुठं उतरणार, मला माहीत नव्हतं. चढताना निभून जाईल, पण तो घाट उतरताना तासभर ब्रेकवर पाय असतो. गाडीत ती पोर.

हैबतीच्या शेडशेजारी एसटीडी बूथ होता आणि त्याचा नंबर माझ्या डायरीत होता. एक फोन केला असता, हैबतीनं गाडी अडवली असती. मी पाच आकडे फिरवले. आणि रिसीव्हर खाली ठेवला. त्या माणसाला मी काय सांगणार, की तुझा पाय खरा आणि माझं माप खोटं? जीव टांगणीला लागलेला, तरी हा विचार आला मला. थू माझ्या जिनगानीवर! फटफटी काढली आणि सुटलो, म्हटलं मीच गाठीन, त्याच्या आधी गाठीन.

वाटेत एक टँकर आडवा झाला होता, त्यात अर्धा तास गेला. माणगावपासूनचे सगळे देव आठवले. पोलादपूर आलं, घाटाचा फाटा आला, आणि शेडसमोर पांढरी मारुती जॅकवर उभी दिसली. पुढचं डावं चाक काढलेलं. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी आतून जळलोही. गाठली ह्यानंच!

दत्तोपंत तावातावानं बोलत होते. "अहो, रस्त्यात आडवं उभं राहून गाडी थांबवायची म्हणजे काय? तुम्हाला एकदा सांगितलं, मोरूनं मोजलंय! हा मोरूच आला बघा. मोरू, सांग ह्यांना. साडेनऊ होतं की नाही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वकीलसाहेब, विनोदिनीबाई, चहाचा कप धरलेली बायजा, ती छोटी श्रिया. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं ठरवून उघडलं होतं की नाही, हे आजही मला छातीठोक सांगता येत नाही.

हैबती हात पुसत पुढं आला. "सायेब, रागावू नका. सकाळी मोरूशेठचाच फोन आलता बूथवर. म्हनले, माप पुन्हा बघायला पायजे, गाडी काय वर सोडू नको. तुमी त्यांच्यावर चिडाल म्हनून मी नाव घेतलं नाय."

जो फोन मी केला नव्हता, तो त्यानं माझ्या नावावर लावला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "शेठ, माप आनलंय ना? घ्या."

मी खाली बसलो. व्हर्नियर काठाच्या आत सरकवला. पावणेसात. विनोदिनीबाईंनी नातीला जवळ ओढलं. आतला पॅड तर झिजून त्याच्या मागच्या पत्र्यापर्यंत आला होता. तो मी हातात घेऊन घासला होता, पण जाडी बघितलीच नव्हती.

हैबतीनं शेडमधून नव्या डिस्कची जोडी आणि पॅड काढले. आठ दिवसांपूर्वीच मागवून ठेवले होते. डावं चाक त्यानं केलं, उजवं मी. मग तो चपला काढून वकीलसाहेबांबरोबर पहिल्या वळणापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "जावा आता बिनघोर. उतरताना गिअरवर उतरा, आनि चाक तापलं तर पानी मारू नका, नुसतं थांबा."

निघताना दत्तोपंतांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मोरू, स्वतःची चूक कळवायला छाती लागते रे!" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "ते कर्तव्यच आहे, वकीलसाहेब." म्हणालो मी असं! जीभ झडली नाही.

गाडी वळणाआड गेली. बायजानं माझ्यापुढं चहा ठेवला. मी हैबतीला विचारलं, "खोटं का बोललास?" मनात म्हटलं, आता उपकार ऐकवेल, मग मला ह्याचा मनसोक्त राग तरी करता येईल.

तो खाली बसून नट खोलायचे पाने एकेक करून पुसत होता. "मोरूशेठ, माझ्या दारावरनं म्हाबळेश्वरची गाडी जाते. वरंधच्या घाटानं भोरला जानारी गाडी माझ्याकडं येतच नाय, ती तुमच्या महाडातनंच वळते. तिला तुमच्याशिवाय कोन हाय? वकिलानं उद्या बाजारात सांगितलं असतं, मोरूचं माप खोटं, मंग ती मान्सं कुनालाच न दाखवता घाट चढली-उतरली असती."

एवढंच बोलला आणि पाने पेटीत ठेवायला उठला.

महाडात बसून मी अकरा वर्षं त्या वरंधच्या गाड्या बघत होतो, त्यातली किती माझ्याकडं थांबतात आणि किती पुढं जातात एवढंच बघत होतो. आत बसलेली माणसं कधीतरी तो घाट उतरणार आहेत, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या गाड्या त्याच्याकडं कधी येणारही नव्हत्या, तरी त्याच्या डोक्यात ती माणसं होती. मी चहा तसाच ठेवून फटफटीला किक मारली. पायाचा हेवा केला होता, गिऱ्हाइकांचा केला होता, नावाचा केला होता, पण त्या दिवशी महाडला परत येताना त्या माणसाचा जितका हेवा वाटला, तितका कधीच वाटला नव्हता.