गयाचं रजिस्टरातलं वय

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी बावीस-तेवीस वर्षं पर्सोनेल ऑफिसर होतो. कामगार कायद्याची पुस्तकं कपाटात होती, आणि माणसं कपाटाच्या बाहेर. या दोघांची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. ती गाठ जिथे जिथे बसली नाही, तिथे एकेक किस्सा तयार झाला. निवृत्त झाल्यावर मित्र म्हणतात, लिहून काढ. बहुतेक किस्से हसण्यावारी नेण्यासारखेच आहेत. एकात मात्र एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती, आणि त्या पत्रावर सही माझी होती. तो शेवटी सांगतो, कारण तो सांगायला मला अजून थोडा धीर गोळा करावा लागतो.

*

मी लागलो तेव्हा थोरले शेठ होते. वर्षाच्या आठ पगारी सुट्ट्यांची यादी करायची होती. चार कायद्यानंच ठरलेल्या, उरलेल्या चार कामगारांशी बोलून ठरवायच्या. शेठनी दसरा आणि दिवाळीचे तीन दिवस घालून यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सह्या घेऊन या."

सह्या घ्यायला गेलो तर ग्रेडिंग मशीनचा निवृत्ती नावाचा ऑपरेटर अडून बसला. हा जाफराबादकडचा, घरी चार एकर आणि एक बैलजोडी. म्हणाला, "दिवाळीचा एक दिवस काढा साहेब, आणि पोळा घाला."

मी त्याला शेठसमोर उभा केला. शेठ म्हणाले, "दिवाळी सोडून पोळा? अरे, तुझा बैल काय सुट्टीचा अर्ज घेऊन आला होता का?"

निवृत्ती शांतपणे म्हणाला, "मालक, वर्षभर त्याच्याकडून राबून घेतो आम्ही. एक दिवस त्याचा. त्या दिवशी न्हाई गेलो तर त्याला काय सांगू? शेठनं मंजूर केली न्हाई म्हणून?"

शेठनी यादी माझ्या हातातून परत घेतली आणि स्वतःच्या पेननं भाऊबीज खोडली. त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही सगळे कामावर होतो. माझ्या बहिणीनं मला महिनाभर त्यावरून ऐकवलं.

*

हाच निवृत्ती पुढे एकदा दुपारच्या पाळीत सरकीच्या पोत्यांवर झोपलेला सापडला. मशीन चालू आणि ऑपरेटर गाढ झोपेत. चार्जशीट देणं भाग होतं. आमच्या वकिलांनी भरभक्कम भाषेत मसुदा करून दिला : "श्री. निवृत्ती यांस, आपण कर्तव्यावर असताना निद्राधीन अवस्थेत आढळून आलात. सदरहू वर्तन हे गंभीर स्वरूपाचे गैरवर्तन असून..." असं दीड पान.

चार्जशीट म्हटलं की कामगार घेत नाहीत. दोन साक्षीदार उभे करा, दारावर चिकटवा, रजिस्टर पोस्टानं पाठवा, सगळे सोपस्कार असतात. निवृत्तीनं मात्र दोन्ही हातांनी घेतली, सही केली आणि आणखी एक प्रत मागितली. मी विचारलं, "दुसरी कशाला?"

"वडलांना दाखवायचीय. आजवर आमच्या घरात कुणाला 'श्री' न्हाई लिव्हलं कुणी."

आठ दिवसांनी चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "आरोप मान्य आहे का?"

निवृत्ती म्हणाला, "इतकं चांगलं लिव्हलंय साहेब, न्हाई कसं म्हणू?"

लेखी ताकीद देऊन सोडला. त्या ताकिदीच्याही त्यानं दोन प्रती घेतल्या.

*

आता गयाबद्दल. गया ग्रेडिंगला होती. बी निवडण्यात तिच्या हाताला तोड नव्हती. मशीनमधून सुटलेलं फुटकं बी ती बोलता बोलता बाजूला काढायची, बघायचीसुद्धा नाही. बोलण्यातही तशीच. काय काढायचं नि कुणाचं काढायचं, बरोबर कळायचं.

तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या की कारखान्यात पाळणाघर पाहिजे, असा कायदा. आम्ही एक खोली बांधली, तीन पाळणे आणले, भिंतीवर ससे रंगवले. मग खोलीला कुलूप लावलं, कारण पाळणे चोरीला जातील. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हणून निरोप आला की कुलूप निघायचं, ते गेले की लागायचं. यात माझाही हात होता, उगाच नाही कशाला म्हणू.

एकदा आलेल्या इन्स्पेक्टरांनी खोली बघितली, मान डोलावली आणि जाता जाता समोर बसलेल्या गयाला विचारलं, "काय बाई, पाळणाघर कसं आहे?"

गया म्हणाली, "लई झ्याक हाय साहेब. आतून बघायचं लई दिवसांपासून मनात व्हतं. आज कुलूप काढलं तव्हा दिसलं."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सशांकडे बघितलं. नोटीस यायची ती आली. पण त्या दिवसापासून खोली रोज उघडी राहिली, आणि वर्षभरात दोन पाळणे कमी पडायला लागले. मी गयावर चिडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

*

पुढे थोरले शेठ थकले आणि धाकटे शेठ पुण्याहून एमबीए करून आले. आमच्या दारावरची 'पर्सोनेल' ही पाटी जाऊन 'एच.आर.' आली. पगार तोच राहिला. धाकट्या शेठनी अप्रेजल सुरू केलं. प्रत्येक कामगारानं स्वतःच्या कामाला दहापैकी मार्क द्यायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे फॉर्म मी तोंडी विचारून भरायला बसलो.

ग्रेडिंगच्या बायका काही केल्या आकडा सांगेनात. सारजाबाई म्हणाली, "आपलं आपणच कसं सांगायचं साहेब? लोक काय म्हणतील? शेजारणीला इचारा."

शेवटी तेच केलं, प्रत्येकीला शेजारणीचे मार्क विचारले. एक सोडून झाडून सगळ्यांना दहा पडले. सारजाबाईच्या शेजारी गया बसायची. ती सारजाबाईची लेक. गयानं बिलकुल विचार न करता सांगितलं, "चार."

मी म्हटलं, "चारच? आई आहे ना तुझी?"

"म्हणूनच चार. न्हाई तर तीन व्हते."

सारजाबाई हातातलं बी निवडत राहिली आणि मला म्हणाली, "लिहून घ्या साहेब. बराबर बोलून राह्यली ती. डोळे गेले माझे आता."

धाकट्या शेठनी सरासरी काढली आणि म्हणाले, ही पद्धत जालन्यात चालणार नाही. हे मात्र त्यांना बरोबर कळलं.

*

आणि आता तो किस्सा.

कंपनी सुरू झाली त्या पहिल्या हंगामात टेंभुर्णीकडून जालन्यात राहायला आलेल्या सहा बायका कामाला लागल्या. त्या वेळी मी नव्हतो. टाइमकीपर गफूरभाई होते. माणूस देवासारखा, फक्त कागदाला घाबरायचा. त्याच आठवड्यात इन्स्पेक्टरांनी शेजारच्या एका कारखान्यात कमी वयाच्या कामगारांवरून धरपकड केली होती. सहा बायकांपैकी एकीनंही शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, दाखला कुणाकडेच नाही. गफूरभाईंनी सहाही जणींचं वय पस्तीस लिहिलं, जन्मतारीख एक जून, आणि समोर अंगठे घेतले. मी नंतर त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "साब, कम लिखा तो लफडा. जादा लिखा तो कौन पूछता?"

तेवीस वर्षं कुणीच विचारलं नाही. सहापैकी दोघी उरल्या, सारजाबाई आणि गया. रजिस्टरात दोघी अठ्ठावन्नच्या झाल्या. धाकट्या शेठनी रंगावरून बी निवडणारं मशीन बुक केलं होतं, त्यांना माणसं कमीच करायची होती. यादी माझ्यासमोर टाकून म्हणाले, "या दोघींची रिटायरमेंटची पत्रं काढा."

मी म्हटलं, "सारजाबाईंचं ठीक आहे. पण गया फार तर एक्केचाळीसची असेल."

"रेकॉर्ड काय म्हणतं? तिचा अंगठा आहे ना खाली? वकिलांना विचारलंय मी. इतक्या वर्षांनी वय बदलून मिळत नसतं."

कायदा त्यांच्या बाजूनं होता, हे मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं. पत्रं टाइप झाली. मी सही केली. गयाचा नवरा दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता, दोन पोरी शिकत होत्या, आणि तिच्या नोकरीची चांगली सतरा वर्षं बाकी होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. त्या फटकळ बाईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाली, "साहेब, मी म्हातारी कव्हा झाले, ते तुम्ही तरी सांगायचं व्हतं."

मला लाज वाटली. खरंच वाटली. दार लोटून घेतलं आणि तिला सांगितलं की लेबर ऑफिसला अर्ज कर. मालकाचा पगार घेऊन मी हे करत होतो, हेही कळत होतं. ती जायला निघाली तेव्हा म्हटलं, "आणि तारखेला येताना आईला घेऊन ये."

तारीख लागली. लेबर ऑफिसरच्या खुर्चीत एक करड्या शिस्तीच्या बाई होत्या. कंपनीतर्फे वकील आणि मी, समोर गया, तिच्या मागे भिंतीला टेकून सारजाबाई. वकिलांनी अर्धा तास बोलून घेतलं. रेकॉर्ड हे रेकॉर्ड असतं, कामगारानं अंगठा दिला आहे, नोकरी संपताना वयाबद्दल तक्रार करता येत नाही, अर्जदाराकडे जन्माचा एकही पुरावा नाही. एकेक मुद्दा बिनतोड होता.

बाईंनी गयाला विचारलं, "काही कागद आहे तुमच्याकडे?"

"न्हाई."

मला वाटलं, संपलं. बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. एका ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर. दोन्ही नावांची आडनावं वेगळी, लग्नानं वेगळी झालेली, म्हणून नुसता कागद बघणाऱ्या कुणाच्या इतकी वर्षं ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मान वर करून विचारलं, "ही सारजाबाई कोण?"

"मी," भिंतीपासून आवाज आला.

"तुम्ही गयाबाईंच्या कोण?"

"आई."

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमच्या कंपनीत आई आणि मुलगी एकाच दिवशी जन्मल्या?"

मी वर पंख्याकडे बघत राहिलो. वकील उठून उभे राहिले. "मॅडम, ही चूक आईच्या नोंदीतही असू शकते. आईचं खरं वय सत्तर असेल. एवढ्यावरून मुलीची नोंद खोटी ठरत नाही. तारखेचा पुरावा पाहिजे."

बाई सारजाबाईला म्हणाल्या, "आजी, पुढे या. घाबरू नका. तुमची जन्मतारीख सांगता येईल? हिची?"

सारजाबाई पुढे आली. पदर सारखा केला. लेकीकडे बघितलं, मग वकिलांकडे, मग बराच वेळ विचार केला.

"तारीख न्हाई सांगता यायची बाई. पण आधी मी आल्ते, मंग ती आल्ती. एवढं बराबर ध्यानात हाय."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि वकिलांना विचारलं, "उलटतपासणी घ्यायची आहे?"