चतकोर भाकरी

उपाशी राहायचा मला मनस्वी कंटाळा. त्यामुळे पिंपळे सौदागरच्या लॅबमध्ये रक्त देऊन झाल्याबरोबर मी बाहेरच्या बाकावर डबा उघडला. माझ्यामागून एक गृहस्थ आले. साठीचे असावेत. अंगात चाकणच्या कुठल्याशा कंपनीचं विटलेलं जाकीट. कोपरावर कापूस दाबत ते शेजारी बसले, पिशवीतून दोन उकडलेली अंडी काढली आणि माझ्या बाजरीच्या भाकरीकडे बघत राहिले.

"सहा महिनं झालं, भात-भाकरी बंद हाय," ते म्हणाले. "साखर उतरली राव, पर कोलेस्टेरॉल चढलं. म्हनून आज परत तपासनी."

मी अर्धी भाकरी पुढे केली. त्यांनी चतकोर मोडून घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. मग न खाताच ती रुमालात बांधली.

"कारभारनीला नेतो. माझ्यामुळं तिनंबी सोडलीय."

"त्यांनाही साखर आहे?"

"न्हाई वो. म्हनती, मला भाकरी आवडतच न्हाई." रुमालाची गाठ ते उगाच चाचपत राहिले. "पर भाकरीचा तवा रोज पुसून ठिवती."